सिरपूरच्या वाळूत पाच कीचेन टॉर्च आणि एक रिटायर्ड गार्ड

किल्लीच्या छल्ल्याला लावायची टॉर्च निवडायला कुणी ऐंशी किलोमीटर गाडी हाकत जात नाही, हे मला माहीत आहे. दमायला मला एवढ्या लांब जायची गरजही नसते. नवा रायपूरचं ऑफिस, तिथून जुन्या रायपुरात, बुढापाऱ्यात बाबांकडे आणि बाबांकडून परत माझ्या फ्लॅटवर, एवढ्यात ते काम रोज होतं. तरी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पाच टॉर्च, एक राखाडी शाल आणि बाबा असं सगळं गाडीत घालून मी सिरपूरला निघाले. तुम्ही सिरपूरचा बेत करत असाल तर रस्ता, जेवण, खोली हे सगळं खाली येईलच. छोट्या टॉर्चच्या शोधात असाल तर तेही येईल. फक्त मी फार उत्साहात लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी कारण सांगते. बाबा मालगाडीचे गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते नाव बाबांना अजून पचलेलं नाही. आई गेल्यापासून ते बुढापाऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. संध्याकाळी बुढा तलावाच्या काठाने एक फेरी, तात्यापाऱ्यात चहा, ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळाच्या ओट्यावर मित्रांशी रेल्वेच्या गप्पा आणि मग घर, हा त्यांचा ठरलेला मार्ग. दिवाळीनंतर एकदा त्यांच्या परतायच्या वेळेला लाइट गेली आणि ते गल्लीच्या तोंडाशी उघड्या नालीत पडले. गुडघा फुटला. मी म्हटलं, माझ्याकडे चला. ते म्हणाले, "तुह्याकडं काय आहे? नुसते रस्ते आहेत." नवा रायपूर ही नवी वसवलेली राजधानी पाहिलेल्या माणसाला हे पटेल; रस्ते रुंद आहेत, माणसं तुरळक.

दोन महिने फोनवर भांडून आमचा तह झाला. खिशातल्या टॉर्चने अंधारात रस्ता नीट दिसला, तर बाबा बुढापाऱ्यातच राहणार. नाही दिसला, तर मुकाट्याने सामान बांधणार. टॉर्च कीचेनचीच हवी, कारण मोठी टॉर्च ते घरी विसरतात आणि फोन त्यांचा साधा बटनांचा आहे. किल्ली मात्र त्यांनी जन्मात कधी विसरलेली नाही. मला वैयक्तिक काय हवं होतं, असं विचाराल तर एकच: हा विषय एकदाचा संपावा. एका बाजूने किंवा दुसऱ्या बाजूने.

आता सिरपूरच का? कारण रायपुरात अंधार उरलेला नाही. तलावाभोवती रंगीत दिवे, गल्लीत दुकानांचे दिवे, स्कूटरचे दिवे. अशा ठिकाणी दहा रुपयांची टॉर्च आणि हजाराची टॉर्च सारखीच वाटते. महानदीची वाळू मात्र संध्याकाळी सातला काळीकुट्ट असते, आणि उन्हाळा लागायच्या आत पाणी एका कडेला सरकून वाळूचं मैदान मोकळं झालेलं असतं. शिवाय दुसऱ्या दिवशी बघायला विटांचं सुंदर देऊळ आहे. अमावास्येजवळचा शनिवार धरून निघालो.

सकाळी उशिराच निघालो, कारण बाबांनी आधी गॅस बंद केला, मग खिडक्या लावल्या, मग कुलूप ओढून पाहिलं, मग जिन्यातून परत वर जाऊन पुन्हा ओढून पाहिलं. तेलीबांधा, मंदिर हसौद, आरंग असा सरळ हायवे आहे. रस्ता उत्तम, टोल लागतो, ट्रक भरपूर. आरंगनंतर महानदीचा पूल ओलांडला की थोड्या वेळात कुहरीला डावीकडे वळायचं. पुढचा रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना झाडं आणि मधून मधून गाई बसलेल्या. थांबत थांबत दोन तास धरा.

आरंगच्या पुढे एका टपरीवर फरा खाल्ले. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या, वरून मोहरी-तिळाची फोडणी, सोबत टमाटरची चटणी. दोघांचं पोट शंभराच्या आत भरलं. बाबांच्या डाव्या हाताला पाण्याचा ग्लास ठेवला होता. तो त्यांच्या कोपराने उडाला आणि पाणी माझ्या मांडीवर आलं.

"बाबा, समोर पाहून बसा ना जरा."

"समोरच तं पाहून राहिलो," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

खोली नदीकडच्या रस्त्यावर एका साध्या लॉजवर मिळाली. दोन खाटा, गिझर चालू, पंखा चालू, चादरी स्वच्छ. हजाराच्या आत भागलं, जेवण वेगळं. लॉज चालवणारी दीदी माझ्याच वयाची होती. संध्याकाळी नदीवर जाणार म्हटल्यावर ती घाबरली.

"अंधियार होय के बाद नदी डहर झन रुकहू दीदी, हाथी आथे."

अंधार पडल्यावर नदीकडे थांबू नका, हत्ती येतात. या भागात जंगली हत्ती फिरतात, हे तुम्हीही लक्षात ठेवा. इथे कुणी मस्करी करत नाही. मी टॉर्चचं कारण सांगितलं. तिने माझ्याकडे, मग पाच टॉर्चकडे पाहिलं आणि म्हणाली की दिवेलागणीनंतर थोडाच वेळ थांबा, माझा नवरा काठावरच असतो, तो हाक मारेल तेव्हा निघा. अट मान्य केली.

दुपारी सुरंग टीला पाहिला, उंच जोत्यावरचं जुनं देऊळ. पांढऱ्या दगडाच्या उंच पायऱ्या आहेत, मधेच खचलेल्या आणि लाटा आल्यासारख्या वर-खाली झालेल्या. बाबा पायथ्याशी सावलीत बसले. "खालूनच चांगलं दिसते," म्हणाले. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. मी एकटी वर गेले, दम लागला, खाली आले.

आता टॉर्च. दिवस मावळल्यावर वाळूत उतरलो. एक फुटकी नाव उपडी पडली होती, तिच्या बरीच पुढे एक काळा खडक होता आणि त्याहून पुढे पलीकडच्या पाण्याकडे झुडपांची रांग. नाव, खडक, झुडपं ही माझी मोजपट्टी. आधी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण बाबांना किती दिसतं ते ताडायला आधी माझं माप हवं होतं.

बटन-सेलवाली टॉर्च मला स्कूटीच्या किल्लीबरोबर फुकट मिळाली होती. निळसर, आजारी उजेड. पायाशी ठीक, पण दोन हात पुढे वाळू आणि पाणी यात फरक कळेना. नाव तर दिसलीच नाही. गोल बाजारातून आणलेली दुसरी होती चौकोनी पट्टीची, मागे लोहचुंबक आणि बाटली उघडायची सोय. बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"याच्यानं रस्ता पाहायचा का पार्टी करायची?"

तिचा उजेड डोळे दिपवतो, इतका की आपल्यालाच पुढचं दिसत नाही. सगळा प्रकाश आजूबाजूला सांडतो आणि लांब काहीच पोचत नाही. मेकॅनिकला बरी, चालणाऱ्याला नाही. बोटाएवढ्या गोल नळीने मात्र थक्क केलं. तिचा झोत बारीक आणि कडक, थेट झुडपांवर जाऊन बसला. पण त्या गोलाच्या बाहेर मिट्ट काळोख, आणि थोड्याच वेळात नळी हातात चटके देऊ लागली आणि उजेड आपोआप अर्ध्यावर आला. पाकिटावर लिहिलेला आकडा त्या पहिल्या क्षणांचा असतो, हे घेण्याआधी समजून घ्या. साध्या बारीक सेलवर चालणारी एक होती, तिचं डोकं पिळलं की लागते. उजेड साधा, खडकाच्या अलीकडेच संपणारा, पण इमानदार, शेवटपर्यंत तेवढाच. अडचण एवढीच की लावायला दोन हात लागतात, आणि बाबांच्या एका हातात संध्याकाळी भाजीची पिशवी असते.

माझी आवडती होती चपटी. काडेपेटीहून लहान, अंगठ्याखाली रबराचं मोठं बटन, चार्जरवर चार्ज होणारी. उजेड किंचित पिवळट आणि पसरट. नाव पूर्ण दिसते, खडक अंधुक दिसतो, आणि मुख्य म्हणजे पायाजवळचा खड्डाही त्याच वेळी दिसतो. उघड्या नाल्यांच्या गावात लांबच्या झुडपाला काय करायचं? ही जिंकणार, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

मग बाबांची पाळी. खूण त्यांनीच ठरवली. टॉर्च त्यांच्या हातात, मी राखाडी शाल पांघरून त्यांच्यापासून लांब चालत जायचं. मी दिसते आहे तोवर त्यांनी दिवा स्थिर धरायचा, म्हणजे गार्डच्या भाषेत ऑल राइट, सगळं ठीक, पुढे चल. दिसेनाशी झाले की जोरजोरात हलवायचा.

"लाल बत्ती नसली तं पांढरी जोरानं हलवायची, म्हणजे थांब," ते म्हणाले. "ड्रायव्हरले समजते."

"मले पण समजते."

"तुले तं लहानपणापासून समजते."

त्यांनी पाय फाकवून उभं राहून टॉर्च छातीशी धरली. इतक्या महिन्यांत त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं. पहिली मुद्दामच बटन-सेलवाली दिली. मी चालू लागले. मागे वळून पाहिलं, दिवा स्थिर. नावेपाशी पोचले, तरी स्थिर. मला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. जी नाव मला दिसली नव्हती, तिच्यापाशी उभी असलेली मी त्यांना दिसत होते. म्हणजे डोळे ठणठणीत. नालीत पडले ते लाइट गेल्यामुळे, बास. मी मनातल्या मनात बुढापाऱ्याचं पुढच्या वर्षाचं भाडंसुद्धा भरून टाकलं.

पिळायच्या टॉर्चवर मी खडकापर्यंत गेले. स्थिर. बाटलीवालीवर खडकापर्यंत. स्थिर. प्रत्येक वेळी परत यायचं, टॉर्च बदलायची आणि पुन्हा वाळू तुडवत जायचं. आठवडाभराचा थकवा पिंडऱ्यांत उतरला होता. चौथ्या फेरीला, चपटी त्यांच्या हातात असताना, माझ्या चपलेत खडे गेले म्हणून मी नावेच्या मागे जाऊन बसले. शाल, डोकं, सगळं नावेच्या आड. आता दिवा हलेल म्हणून मी वाट पाहिली. दिवा हलला नाही. मी मघाशी जिथे होते त्या रिकाम्या वाळूवर तो उजेड अगदी सरळ पडून राहिला होता.

मी चपला हातात घेतल्या आणि लांबून वळसा घालून परत आले. वाळूत पावलं वाजत नाहीत. मी बाबांच्या डाव्या अंगाला, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ येऊन उभी राहिले. त्यांना कळलं नाही. ते समोर बघत होते, टॉर्च छातीशी घट्ट, आणि अगदी हळू आवाजात म्हणत होते, "चल. चल. ऑल राइट. चल."

"बाबा."

ते दचकले आणि टॉर्च पडली. ती त्यांच्या डाव्या पावलाशीच पडली होती, जळत होती, तिच्या उजेडात त्यांची चप्पल चकाकत होती. आणि बाबा उजव्या बाजूला वाकून वाळू चाचपत होते.

मी टॉर्च उचलून त्यांच्या हातात दिली. ते तसेच वाळूत बसले. मीही बसले.

"कधीपासून?"

"दिवसा दिसते. समोरचं दिसते."

"बाबा, कधीपासून?"

"झालं असंल सालभर. बाजूचं कमी झालं पहिले. मंग अंधारातलं गेलं." मग म्हणाले, "नालीत पडलो ना, तवा लाइट गेली नव्हती. मीच सांगितलं गेली म्हणून."

मला राग आला. खूप आला. दमलेल्या माणसाचा राग लवकर येतो आणि ओरडायलाही त्याच्यात जोर नसतो. "मले काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू ऑफिस करून राहिली, घर करून राहिली, वरून माह्याकडं रोज येऊन राहिली. तुह्या चेहऱ्याकडं आरशात पाहिलं का सकाळी? समोर आहे ना चेहरा, तो दिसते मले. चांगली चाललेली गाडी आहे तुही. तिले माह्यापायी कशाले थांबवू, कशाले डिटेन करू? म्हणलं, देऊन टाकू ऑल राइट."

मला सुचलं ते त्यांच्याच नोकरीतलं होतं.

"गार्डनं न पाहता ऑल राइट दिला तं काय होते, बाबा?"

नदीच्या पाण्याचा बारीक आवाज येत होता. छत्तीस वर्षं त्यांनी गाडीच्या शेपटाला उभं राहून, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकदाही ऑल राइटचा हिरवा दिवा दाखवला नव्हता. आमच्या घरात देवापेक्षा त्याची शपथ मोठी होती.

"चार्जशीट," ते शेवटी म्हणाले. "नोकरी जाते. गेलीच पाहिजे."

काठावरून लॉजवाल्या दीदीच्या नवऱ्याने हाक मारली. "बाबूजी, चलव! बेरा होगे!" वेळ झाली होती. मी बाबांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही. माझ्या दुसऱ्या हातात आता चपटी होती, तिने मी माझ्यासाठी वाळू पाहत होते आणि त्यांना सांगत होते, इथे चढ आहे, इथे दोर आहे, इथे ओलं आहे. गोल नळीची परीक्षा बाबांच्या हातून राहूनच गेली. ज्यांना हवी त्यांनी आपापली करावी.

जेवायला भात, भाजी आणि पातळ डाळ होती. चव लक्षात नाही. चांगलीच असेल, दीदीने दोनदा वाढलं.

रविवारी सकाळी विटांचं देऊळ पाहिलं. तिकीट थोडक्यात आहे, आवार नीट राखलेलं आहे, सकाळी लवकर गेलात तर गर्दी नाही. लाल विटांवर कोवळं ऊन होतं. बाबा दारासमोर उभे राहून चौकटीवरचं कोरीव काम टक लावून पाहत राहिले, डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत, एकेक तुकडा. वर्षभर ते असेच बघत होते आणि मी त्याला म्हातारपणाची सवय समजत होते. मी मधेमधे सांगत गेले की डावीकडे पायरी आहे. "हाव, सांगत जाय," ते म्हणाले. एवढ्या तीन शब्दांनी मला रडू आलं, ते मी देवळाच्या मागे जाऊन उरकलं.

परतताना महानदीच्या पुलावर त्यांनी खिडकीची काच खाली केली.

"बुढापाऱ्याची खोली सोडून देऊ, नंदा."

"डॉक्टरले तं दाखवू पहिले."

"दाखवू. पण तह तह असते. नाही दिसलं ना मले."

मला हवं होतं तेच झालं होतं, विषय संपला होता. तरी आरंगला टोलवर मागचा ट्रक हॉर्न वाजवेपर्यंत मी गाडी हलवलीच नाही.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू निघाला. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळायचं. तुमच्या घरी कुणाच्या कोपराने वारंवार ग्लास उडत असतील, तर टॉर्चचे रिव्ह्यू वाचण्याआधी डोळे तपासून घ्या. हा माझ्या या सगळ्या लेखातला एकमेव उपयोगी सल्ला आहे.

मार्चमध्ये बाबा माझ्याकडे आले. रविवारी दुपारी, उन्हं असताना, मी त्यांना तात्यापाऱ्यात चहाला नेते. मित्र तिथेच येतात आणि ट्रेन मॅनेजर या शब्दावर नव्याने चिडतात. मी बाकावर बसून डुलक्या घेते. बाकीचे दिवस ते आमच्या सेक्टरच्या बागेत फिरतात, अंधार पडायच्या आत परत यायच्या बोलीवर. ती बोली ते पाळत नाहीत. चपटी त्यांच्या किल्लीला आहे. रस्ता पाहायला तिचा त्यांना काही उपयोग नाही, तरी ती त्यांनी काढून ठेवलेली नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

परवा ऑफिसातून आले, कुकर लावला आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले. चौथ्या मजल्यावरून खाली बाग दिसते. भिंतीकडचा दिव्याचा खांब बंद होता. तिथल्या काळोखात एक पिवळट ठिपका होता, आणि तो हलत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जोरजोरात.

मी तशीच घरच्या चपलांनी धावले. लिफ्टची वाटही पाहिली नाही. बाबा बागेच्या पायऱ्यांच्या वर, कठड्यापासून लांब उभे होते आणि हात खांद्यापासून हलवत होते. जवळ गेले तरी थांबेनात.

"बाबा, आली मी. काय झालं?"

"काही नाही झालं," त्यांनी टॉर्च बंद केली. "खांब बंद आहे. पुढची पायरी दिसून नाही राहिली. म्हणून थांबवली गाडी."

मला धाप लागली होती. मी त्यांचा हात धरला.

"डिटेन केलं तुले," ते म्हणाले. "काही करून राहिली होती का?"

"कुकर लावला होता."

"मंग?"

"होऊ दे डिटेन," मी म्हटलं. "चला, पहिली पायरी इथं आहे."